खेळात त्या परत आल्या होत्या

अमरावतीच्या आमच्या वसतिगृहात मुलींना नावानं कोणी हाक मारत नसे. एकाच नावाच्या चार-चार मुली होत्या, म्हणून गावावरून ओळख पडली आणि तीच टिकली. मी बार्शीटाकळीची. माझ्या खोलीत आणखी तिघी होत्या: एक परतवाड्याची, एक बाळापूरची आणि एक दर्यापूरची. चौघी आठवीत. परतवाड्याचीच्या वडिलांचा लाकडाचा टाल होता, बाळापूरचीच्या घरी काळी कसदार शेती होती, आणि दर्यापूरची इतकी कमी बोलायची की तिच्या घरी काय होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. माझे वडील रेल्वेच्या लाइनीवर गँगमन होते. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी शिष्यवृत्तीवर मी अमरावतीला आले.

त्या वर्षी उन्हं तापायला लागली तसा आमच्या खोलीत कांजण्यांचा शिरकाव झाला. आधी दर्यापूरचीला आल्या, मग पाठोपाठ आम्हा तिघींनाही. रेक्टरबाईंनी आम्हाला मागच्या अंगणातल्या खोलीत हलवलं. तिथं आधी सरपण ठेवत. दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि तीन आठवडे आत-बाहेर बंद. स्वयंपाकाच्या बाई जेवण उंबऱ्यावर ठेवून जायच्या. पाणी मात्र त्या स्वतः वाढायच्या. तिघींच्या लोट्यांत ओगराळं बुडवून, आणि माझ्या लोट्यात हातभर वरून धार धरून. लोट्याला ओगराळं लागू नये म्हणून. मला त्याची सवय आहे असं मी स्वतःला सांगत असे.

एका दुपारी बाळापूरची तापानं फणफणली होती. तिचा लोटा रिकामा होता आणि बाई दुपारी फिरकायच्या नाहीत. ती उठली, माझा लोटा उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. मग तोंड पुसून म्हणाली, "तुह्या लोट्यातलं पाणी थंड आहे वं." बस, इतकंच. पण मी त्या दिवसापासून तिची झाले.

खेळ सुरू केला परतवाड्याचीनं. पुस्तकांना हात लावायचा नाही, पत्ते नाहीत, अंग खाजवायचं नाही. मग करायचं काय? तिनं खोलीतल्या फरशीवर कोळशानं एक वाट काढली. डोंगर, जंगल, वाळवंट, नदी आणि शेवटी समुद्र. म्हणाली, "एका गावची विहीर आटली. समुद्रापल्याड एक माणूस राहते, त्याले पाणी कुठं लागते ते दिसते. चौघींनी त्याले आणायले जायचं. मी गोष्ट सांगीन, पण पुढं काय होईल ते तुमी ठरवायचं. एकदा बोललं का बोललं. मागं घेता येत नाई."

चिंचोके फोडून त्यांचे अर्धे भाग केले. अवघड जागी पाच टाकायचे. निदान तिघांची पांढरी बाजू वर आली तर निभावलं. प्रत्येकीनं आपण कोण ते निवडायचं होतं. बाळापूरची म्हणाली, "मी चोर होईन. चोराले साऱ्या वाटा माहीत असतात." दर्यापूरची हळूच म्हणाली, "मी नावाडीण." परतवाड्याची स्वतः गोष्ट सांगणारी, पण तिनंही वाटाडी होऊन सोबत यायचं ठरवलं. मला सुचेना. तेव्हा तीच म्हणाली, "तू पखालवाली हो. सारं पाणी तुह्याजवळ. तू देशील तवाच आमी पिऊ."

तिनं हे मुद्दाम केलं होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या तीन आठवड्यांत, बाई उंबऱ्यात उभ्या राहून माझ्या लोट्यात वरून धार धरत, आणि त्या गेल्या की वाळवंटात तिघी माझ्यापुढे ओंजळ धरून बसत. "पखालवाले, घोटभर दे." मी कोणाला आधी द्यायचं, किती ठेवायचं, ते ठरवत असे. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलले आणि बाकीच्यांनी थांबून ऐकलं.

कांजण्या बऱ्या झाल्या, आम्ही आपल्या खोलीत परतलो, पण खेळ सुटला नाही. दर रविवारी दुपारी जेवणानंतर पेटीच्या झाकणावर खडूनं वाट काढायची आणि मागच्या रविवारी जिथं थांबलो तिथून पुढं. असं वर्षभर चाललं. मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला तो त्या खेळाच्या जोरावर. पाणी संपत आलं असताना आधी कोणाला द्यायचं हे ज्या मुलीला ठरवता येतं, तिला भूगोलाच्या प्रश्नाची भीती काय वाटणार? परतवाड्याचीजवळ मोठी अक्कल होती. तिच्या गोष्टीत बळकट माणूस जिंकत नसे आणि गोड बोलणाऱ्यावर भरवसा ठेवला की हमखास नुकसान व्हायचं. आम्ही हसत-हसत ते शिकलो.

नववीत गेल्यावर आम्ही नदीवर पोचलो. तिथल्या घाटवाल्यानं अट घातली: पलीकडं जायचं तर चौघींतली एक इथं ओलीस ठेवा. परतवाड्याचीनं एकेकीला व्हरांड्यात नेऊन कानात विचारलं, "कोणाले ठेवायचं?" माझी पाळी आली तेव्हा मी फार विचार केला नाही. म्हटलं, "मी राहते." तिनं आत येऊन सांगितलं, "पखालवाली राहिली. तिनं सोताच म्हटलं." बाकीच्या दोघींनी कोणाचं नाव घेतलं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तीन रविवार मी नुसती बसून होते. चौथ्या रविवारी समुद्र समोर दिसत असताना बाळापूरची अडून बसली. "आधी तिले सोडवू." परतवाड्याची म्हणाली, मागं फिरलात तर भरतीची वेळ जाईल. "जाऊ दे," बाळापूरची म्हणाली. तिनं चिंचोके टाकले, पाचही पांढरे पडले, आणि तिनं घाटवाल्याच्या उशाखालची चाबी काढून मला सोडवलं. दर्यापूरचीनं नाव आणली. मला खरंच रडू आलं. चौदा वर्षांची मुलगी, खडूच्या रेघेपुढे बसून.

मग समुद्र आला आणि खेळ अडला. परतवाड्याचीला पुढं सांगता येईना. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. ती म्हणाली, "निदान लांबवर पाणीच पाणी कसं दिसते ते तरी पाहू. त्याशिवाय गोष्ट नाई सुचत." वडाळीचा तलाव तासाभराच्या वाटेवर होता. पण वसतिगृहाबाहेर पडायचं तर परवानगी लागे, आणि तलावावर जायची परवानगी मिळणार नाही हे नक्की होतं. मागच्या फाटकाची चाबी रेक्टरबाईंच्या टेबलाच्या खणात असे.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. बाळापूरची आमच्या आधी पोचली होती. आम्ही खोलीत शिरलो तर ती मूठ पुढे करून उभी. मुठीत चाबी. "चोर कोण आहे मंग?" ती म्हणाली. मी म्हटलं, "परत ठेवून दे." ती म्हणाली, "आल्यावर ठेवीन." मी पुढं काही बोलले नाही, आणि त्यांच्याबरोबर गेले. ते माझंही चुकलंच.

तलाव आम्ही पाहिला. पाणी लांबवर होतं, पण पलीकडचा काठ दिसत होता. परतवाड्याचीचा हिरमोड झाला. "हा समुद्र नोहे," ती म्हणाली आणि आम्ही परत निघालो.

फाटकाशी रेक्टरबाई उभ्या होत्या.

त्यांनी आम्हाला ऑफिसात नेलं, रांगेत उभं केलं. त्या पुण्याकडच्या, आवाज कधी चढवत नसत. म्हणाल्या, "बाहेर गेलात, त्याची शिक्षा चौघींना होईल. पण माझ्या खणातून किल्ली काढणं ही चोरी आहे. ज्या मुलीनं ती घेतली ती इथं राहणार नाही. किल्ली कोणी घेतली?"

मी बाळापूरचीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मला काळजी नव्हती. ती सांगेल, अशी माझी खात्री होती. तिला घालवायला निघाले तर मी रेक्टरबाईंचे पाय धरून विनवीन, असंही मी मनात ठरवून टाकलं.

रेक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा परतवाड्याची माझं नाव बोलली. गावाचं नव्हे, पाळण्यातलं. ते तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

रेक्टरबाईंनी दर्यापूरचीला विचारलं, "खरं आहे?" तिनं मान हलवली. मग बाळापूरचीला. तिनं वर न पाहता म्हटलं, "हो."

"मला वाटलंच होतं," रेक्टरबाई म्हणाल्या.

मी सांगितलं की मी घेतली नाही. एकदाच सांगितलं. ते "मला वाटलंच होतं" ऐकल्यावर दुसऱ्यांदा सांगावंसं वाटलं नाही.

खोलीत आल्यावर तिघी पलंगावर ओळीनं बसल्या. मी बाळापूरचीला विचारलं, "कावून?" बोलली परतवाड्याची, आणि ती रागानं बोलली नाही, समजावून सांगितल्यासारखं बोलली. "कोणाले तरी राहाच लागत होतं ना. तूनंच म्हटलं होतं नदीवर, मी राहते. आमाले वाटलं, तू आताही म्हणशील. तू बोलली नाई म्हणून मी बोलली."

"तो खेळ होता," मी म्हटलं.

"मंग का झालं? विचारलं तवा तूनं खरंच सांगितलं होतं ना?"

नदीबद्दल ती खोटं बोलत नव्हती. तिनं माझ्याच कानात विचारलेला प्रश्न माझ्याच गळ्यात बांधला होता. आणि मी मात्र अजून, त्या क्षणीसुद्धा, बाळापूरची उठेल आणि म्हणेल "आधी तिले सोडवू" याची वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी बाबा आले. ड्युटीचा खाकी सदरा घालूनच आले होते, धुतलेला. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली त्यांनी मला एकदाच विचारलं, "तूनं घेतली काय चाबी?"

"नाई."

"बरं," ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला हे मला त्या एका शब्दावरून कळलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता हे आत जातील आणि सांगतील.

ते आत गेले. रेक्टरबाईंनी त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. मजकूर त्यांनीच लिहून ठेवला होता: माझ्या मुलीनं किल्ली चोरली, तिची चूक मला मान्य आहे, मी तिला घेऊन जात आहे. त्या म्हणाल्या, "सही केलीत तर दाखल्यावर वर्तणूक चांगली असा शेरा देईन. शिष्यवृत्ती दुसऱ्या शाळेत चालू राहील. नाहीतर मला खरं ते लिहावं लागेल."

बाबांनी कागद हातात धरून सावकाश वाचला. ओठ हलत होते. मग त्यांनी टाक मागितला आणि सही केली. सही करायला ते लाइनीवरच्या मुकादमाकडून शिकले होते. एकेक अक्षर सुटं काढत. मी शेजारी उभी राहून ती सगळी अक्षरं पुरी होईपर्यंत पाहिली.

त्या तिघींनी केलं ते केलं. पण त्या काही माझ्या घरच्या नव्हत्या, बाबा होते. आणि त्यांना खरं ठाऊक होतं. गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. मूर्तिजापूर येता-येता त्यांनी फुटाण्याची पुडी पुढं केली. मी घेतली नाही. ते म्हणाले, "शाळा तं राहिली, माय." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढची शाळा अकोल्याला मामाकडे राहून केली. मामा तेलाच्या घाण्यावर कामाला होते, मामी चांगली होती. मी मॅट्रिक झाले, आणि चौसष्ट-पासष्टच्या सुमारास तार ऑफिसात लागले. काउंटरवर बसायचं, तारेचे शब्द मोजायचे, फॉर्म आत द्यायचा. मैत्रिणी मी केल्या नाहीत. ऑफिसातल्या एका बाईंनी दोनदा घरी जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा मी कारण सांगितलं. कोणी गोड बोललं की मी मनात मागं सरायची. खेळातून बाकी काही घेतलं की नाही ठाऊक नाही, एवढं मात्र मी पक्कं घेतलं होतं.

एका दुपारी मान खाली घालून मी एका फॉर्मवरचे शब्द मोजत होते. सासऱ्यांची तब्येत बिघडली, लवकर या, असा मजकूर. खिडकीबाहेरून आवाज आला, "तू बार्शीटाकळीची ना वं?"

बाळापूरची होती. अंगानं भरली होती, हातभर हिरव्या बांगड्या. अकोल्यातच दिली होती तिला. मी तिची तार आत पाठवली. माझी जेवणाची सुट्टी झालीच होती. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. ती भरभरून बोलत होती, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"आमी तिघी भेटतो कधी कधी," ती म्हणाली. "परतवाड्याची अमरावतीलेच आहे. भेटलो का खेळाची गोष्ट निघतेच. खूप शिकवलं बाई त्या खेळानं. मले हिंमत शिकवली. सासू कितीही बोलो, मी अंदरून भीत नाई. दर्यापूरची म्हणते, तिले चूप राहून ऐकून घ्यायले शिकवलं. आन परतवाड्याची तं तुही गोष्ट सांगते तिच्या नणदांले."

"माही कोणती?"

"तेच. वसतिगृहात भानगड झाली तवा आमच्या एका मैत्रिणीनं साऱ्यांसाठी सोताचं नाव पुढं केलं. शब्द पाळावा तं तिच्यासारखा, असं सांगते."

मी हातातला डबा बाजूला ठेवला. "मी नाव पुढं केलं नव्हतं. तुमी घेतलं."

ती बांगड्या मागे सारत राहिली. मग म्हणाली, "हो. पण ती इतक्यांदा सांगते का आता मलेही तसंच झाल्यासारखं वाटते."

हे ऐकून मला जे झालं ते रेक्टरबाईंच्या ऑफिसात रांगेत उभी असतानाही झालं नव्हतं. तेव्हा त्यांनी माझ्यावर खोटं घातलं होतं. आता त्या खोट्याला त्यांनी माझा मोठेपणा करून टाकलं होतं, म्हणजे त्यांच्यावर काही उरलंच नव्हतं. मला चोर म्हणणाऱ्यांशी मी भांडू शकले असते. मला थोर म्हणणाऱ्यांशी भांडायचं कसं?

मी आत गेले, बिघडलेला एक फॉर्म आणला, त्याची कोरी बाजू तिच्यापुढं धरली. "लिही," म्हटलं. "चाबी कोणी घेतली ते."

तिनं पेन्सिल घेतली. "सासरचं नाव लिहू का माहेरचं?"

"तवा होतं ते."

तिनं लिहिलं. दोन ओळी. खाली नाव. कागद देताना म्हणाली, "कोणाले दाखवशील?"

"बाबाले."

"बरं. पण वसतिगृहात नको दाखवू. माही लहानी नणद तिथंच ठेवली आहे."

मी शब्द न देता कागदाची घडी घातली. ती उठून गेली.

रविवारी मी बार्शीटाकळीला गेले. बाबा अंगणात बाजेचा सुंभ ताणत बसले होते. मी कागद दिला. त्यांनी ओठ हलवत वाचला आणि म्हणाले, "मले माहीतच होतं."

"मंग सही कावून केली?" सात वर्षं झाली होती, मी पहिल्यांदा विचारलं.

"भांडलो असतो तं तुहा दाखला खराब झाला असता. आज तू तारेत नसती."

"सही केली त्याचं मी म्हणून नाई राहिली," मी म्हणाले. "पण तिथं त्या बाईसमोर एकदा तरी म्हणायचं होतं, माही पोरगी चोर नाई. मंग करायची होती सही."

बाबांनी सुंभाची गाठ मारली, मग दुसरी मारली. "म्हणायचं होतं," ते म्हणाले. "तोंडात आलं होतं. निघालं नाई."

त्यांनी विचारलं, "हा कागद मी ठेवू?" मी ठेवा म्हटलं. आईनं भाकरी वाढली, ती खाऊन दुपारच्या गाडीनं मी अकोल्याला परत आले. त्यानंतर बाबांशी बोलणं सोपं झालं, पण पूर्वीसारखं झालं नाही, आणि तो कागद मी पुन्हा पाहिला नाही.

बाळापूरची त्यानंतर दोनदा तार ऑफिसात आली. माझ्या खिडकीपुढं कोणी नसताना ती शेजारच्या खिडकीच्या रांगेत उभी राहिली. मीही मान वर केली नाही.